दोन सेशनच्या मधले तेरा दिवस : मदत आणि साधनं कोणत्या क्रमानं लावायची

पंधरा दिवसांतून एकदा थेरपिस्टसमोर बसायचं आणि मधले तेरा दिवस आपले आपण काढायचे, असंच बहुतेकांचं चालतं. मी गेली सहा वर्षं एका स्वमदत गटात जाते, म्हणजे सारख्याच त्रासातून जाणारी माणसं एकमेकांना आधार देतात अशा गटात. तिथे नव्यानं येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक सांगतो, आणि ती मीही केली आहे. जीव कासावीस झाला की रात्री अकरा वाजता मोबाइल उघडायचा, चार ॲप उतरवून घ्यायची, दोन व्हिडिओ अर्धवट बघायचे, श्वासाचा कुठलातरी व्यायाम करून बघायचा आणि 'आपल्याला काहीच लागू पडत नाही' असं ठरवून झोपायचा प्रयत्न करायचा. साधनं बहुतेक वेळा ठीकच असतात. गडबड क्रमात असते. मन सगळ्यात थकलेलं असतं तेव्हाच आपण सगळ्यात अवघड काम करायला जातो : शोधणं, निवडणं, नवं शिकणं. ही तिन्ही कामं बऱ्या दिवशी उरकायची असतात.

आधी हे : आत्ता स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर पुढचं वाचत बसू नका. १४४१६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन लावा. धोका अगदी समोर असेल तर ११२ हा आणीबाणीचा नंबर लावा, किंवा शेजारच्या खोलीतल्या माणसाला उठवा आणि 'मला एकटं सोडू नकोस' एवढंच सांगा. लेख नंतर वाचता येईल.

## तयारी

एक शंभर पानी वही, पेन, पोस्टकार्डाएवढा जाड कागद आणि त्यातल्या त्यात बरा गेलेला एक दिवस. वही कागदाचीच घ्या. मोबाइलमध्ये लिहायला घेतलं की मध्येच मेसेज येतो आणि आपण तिकडे जातो.

## टप्पा १ : सेशनची शेवटची पाच मिनिटं मागून घ्या

मधल्या दिवसांची सुरुवात थेरपिस्टच्या खोलीतच होते. उठायच्या आधी चार गोष्टी विचारा आणि उत्तरं तिथेच वहीत लिहा.

१. मधल्या दिवसांत तुम्हाला मेसेज किंवा फोन केलेला चालतो का? कोणत्या वेळेत? उत्तर किती तासांत येतं?
२. या पंधरवड्यात मी नेमकी कोणती एक गोष्ट करायची?
३. माझ्या बाबतीत कोणती लक्षणं दिसली की पुढच्या तारखेची वाट न बघता मदत घ्यायची?
४. तुम्ही रजेवर असाल तर कोणाकडे जायचं?

पहिला प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या पहिल्या थेरपिस्टना मी एकदा रात्री एक वाजता भला मोठा व्हॉट्सॲप मेसेज केला. सकाळी निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलंच नाही. मला नाकारलंय असं मी धरून चालले आणि पुढची दोन सेशन रद्द केली. मेसेजचं काय, हे आमचं कधी ठरलंच नव्हतं. थेरपिस्ट 'सेशनमध्येच बोलू' म्हणून थांबल्या होत्या, आणि मी इकडे उत्तराची वाट बघत कुढत होते.

तपासा : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात मावतंय का? 'स्वतःची काळजी घ्या' हे करायचं काम झालं नाही. 'सकाळी आठला उठून पंधरा मिनिटं चालायचं' हे झालं.

## टप्पा २ : संकटाचा कागद

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी आखलेली सुरक्षा योजना जगभर वापरली जाते. तिच्यात सहा पायऱ्या आहेत, त्याच तयारीतल्या जाड कागदावर लिहायच्या. तुम्हाला आत्महत्येचे विचार येत नसले तरी हा कागद करून ठेवा. रडू आवरत नाही, हातपाय गार पडतात, अशा रात्रीही तो उपयोगी पडतो.

१. माझ्या धोक्याच्या खुणा. फक्त 'उदास वाटतं' लिहून भागत नाही. तुमच्या घरातलं, नजरेला दिसणारं लिहा : 'दोन दिवस केस विंचरले नाहीत', 'आईचा फोन वाजू दिला', 'दुपारचा डबा तसाच परत आणला'.
२. एकटीनं करता येईल असं काही. बादलीभर गार पाण्यात हात बुडवणं, गच्चीवर चकरा मारणं, कणीक मळणं. हातांना काम देणारं असलं तर उत्तम.
३. मन दुसरीकडे जाईल अशी माणसं आणि जागा. इथे दुःख बोलून दाखवायचं नाही, नुसतं माणसांत जायचं. कोपऱ्यावरचं वाचनालय, बागेतला बाक, खाली खेळणारी मुलं.
४. ज्यांना 'मला मदत हवी आहे' असं म्हणता येईल असे लोक. किमान दोघांची नावं आणि नंबर.
५. व्यावसायिक मदत. थेरपिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ, हेल्पलाइन, आणि रात्री उघडं असणारं सगळ्यात जवळचं रुग्णालय.
६. घर सुरक्षित करणं. इजा करता येईल अशा वस्तू हाताशी राहणार नाहीत अशी व्यवस्था. घरात शेतीची औषधं असतील किंवा गोळ्यांचा साठा असेल, तर त्यांची किल्ली दुसऱ्याकडे द्या आणि गोळ्या आठवड्यापुरत्याच हाती घ्या. इच्छेची तीव्र लाट पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ वस्तू लांब असणं फार मोलाचं ठरतं.

पायऱ्या वरून खाली क्रमानं जातात, पण खूण गंभीर असेल तेव्हा थेट पाचवीवर उडी मारायला काहीच हरकत नाही. कागद पूर्ण झाला की त्याचा फोटो काढा, चौथ्या पायरीवरच्या माणसांना पाठवा, आणि मूळ कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

नेहमीची चूक : कागद करून वहीत ठेवून देणं. वाईट रात्री वही उघडली जात नाही. कपाट उघडलं जातं.

## टप्पा ३ : नंबर आधी लावून बघा

'टेली मानस' ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. नंबर १४४१६, किंवा १८००-८९१-४४१६. चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. फोन लागला की आधी भाषा निवडायची असते, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरज वाटली तर ते मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी केंद्राची माहिती देतात.

एखाद्या बऱ्या दुपारी हा फोन एकदा लावा. काय बोलायचं ते आधी लिहून घ्या : 'माझे उपचार सुरू आहेत. पुढचं सेशन अमुक दिवशी आहे. आज झोप लागत नाहीये, पुढचे दोन तास कसे काढू हे विचारायचं आहे.' हेल्पलाइनला पहिल्यांदा फोन करताना शब्द सापडत नाहीत, आणि लोक 'काही नाही, चुकून लागला' म्हणून ठेवून देतात. एकदा आवाज ऐकलेला असला की दुसऱ्या वेळी जीभ अडखळत नाही.

मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' आणि पुण्यात 'कनेक्टिंग' या फोनवर ऐकून घेणाऱ्या सेवा आहेत. त्यांच्या वेळा त्या त्या संस्थेकडून विचारून घ्या आणि नंबरासमोर लिहा. रात्री दोनला दिवसाचा नंबर लावून तो उचलला गेला नाही, की मनाला उगाच आणखी एक तडाखा बसतो.

सेशनचे पैसे झेपेनासे झाले तर उपचार गुपचूप थांबवू नका. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथेही बाह्यरुग्ण विभाग चालतो. ओपीडीत दाखवायला गेलं म्हणजे भरती करून घेतात, ही भीती मनातून काढून टाका.

परदेशात राहणाऱ्यांसाठी : भारतातले टोल-फ्री नंबर बाहेरून सहसा लागत नाहीत. अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३ लिहून ठेवा. वाईट क्षणी इंग्रजी सुचत नाही, म्हणून तुमच्याच वेळेच्या पट्ट्यातलं एक मराठी बोलणारं माणूस चौथ्या पायरीवर हवंच.

## टप्पा ४ : माणसांना कामं वाटून द्या

घरच्यांना 'मला बरं वाटत नाही' एवढंच सांगितलं की 'जास्त विचार करू नकोस' हे उत्तर येतं. ते दुष्टपणानं म्हणत नाहीत. काय करायचं हे त्यांना कळलेलं नसतं. म्हणून काम सांगा. नवऱ्याला : 'रोज रात्री गोळी घेतली का, एवढंच विचार.' बहिणीला : 'बुधवारी संध्याकाळी फोन कर, माझ्या आजाराविषयी नको, तुझ्या घरचं सांग.' मैत्रिणीला : 'मी "लाल" असा मेसेज केला तर निघून ये.' सगळा भार एकावर टाकलात तर दोन महिन्यांत तो माणूसही थकतो आणि तुम्हाला अपराधी वाटायला लागतं.

स्वमदत गट हा याच टप्प्याचा भाग. आपल्याकडे आजारी माणसाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणण्याची सुंदर पद्धत या गटांमधून रुळली आहे. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभी केलेली 'आयपीएच' (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही त्यातली माहितीतली नावं. दारूचा प्रश्न असेल तर अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा मराठीतूनही होतात, आणि घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. शुभंकरांनीही गटात यावं. आमच्याकडे एक वडील सुरुवातीला मुलाला सोडायला यायचे आणि बाहेर स्कूटरवर बसून राहायचे. आता मुलगा नोकरीमुळे येत नाही, वडील मात्र येतात.

तपासा : पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी बघा. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, हे स्पष्ट सांगितलं का? कोणी गोळ्या बंद करायला सांगतंय का? काही विकलं जातंय का? दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर पुन्हा जाऊ नका.

## टप्पा ५ : एकच साधन, पंधरा दिवस

आता कुठे साधनाची पाळी आली. तुमचा मुख्य त्रास कोणता, त्यावरून एकच निवडा, आणि थेरपिस्टनं दिलेलं असेल तर तेच.

विचार डोक्यात घोळत राहतात : विचारांची नोंद. पानावर प्रसंग, मनात आलेला विचार, भावना आणि तिचा आकडा (० ते १००) लिहायचा. मग त्या विचारात 'च' शोधून त्याखाली रेघ मारायची. 'झालंच पाहिजे', 'त्यानं यायलाच हवं होतं', 'मला जमणारच नाही'. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीत ज्या हट्टी मागण्यांवर बोट ठेवलं जातं, त्या मराठीत बहुतेक वेळा या एका अक्षरात दडलेल्या असतात.

गटातल्या एका काकूंनी त्यांचं पान वाचायला दिलं होतं. त्यांच्या परवानगीनं थोडक्यात सांगते. प्रसंग : रविवारी सकाळी मुलाला फोन केला, त्यानं उचलला नाही. विचार : 'मी त्याला नकोशीच झाले आहे. त्यानं लगेच उचलायलाच हवा होता.' भावना : उदास, ८०. दोन्ही 'च'खाली रेघा. पुढे विचाराच्या बाजूचं : 'या महिन्यात दोनदा उचलला नाही.' विरुद्ध बाजूचं : 'बुधवारी त्यानंच आमटीला किती पाणी घालायचं हे विचारायला फोन केला होता. रविवारी तो उशिरा उठतो.' आणि नवा विचार : 'उचलला असता तर बरं वाटलं असतं. नाही उचलला, वाईट वाटलं. दुपारी परत करते.' आकडा ५०.

काकूंना ५० बघून वाटलं, आपलं चुकलं. अजिबात नाही. आकडा शून्यावर आणणं हा हेतूच नसतो. वाईट वाटण्यासारख्या गोष्टीचं वाईट वाटावंच, पण त्यानंतर दुपारचा फोन करता यावा. आणि विचाराच्या बाजूचा पुरावा गाळू नका. तो गाळला की मन नव्या वाक्यावर विश्वास ठेवत नाही.

अंथरुणातून उठवत नाही : कृतींचं वेळापत्रक. उत्साह येईल मग करू, असं म्हणत राहिलं तर नैराश्यात तो दिवस लांबत जातो. आधी छोटी कृती, उत्साह मागून येतो. रोज एक गरजेचं काम आणि एक आवडीचं, वेळ घालून. 'घर आवरणं' लिहू नका, 'टेबलावरचे कप विसळणं' लिहा. पहिले तीन दिवस जमतील इतकी लहान कामं धरा.

काळजी दिवसभर पोखरते : काळजीची वेळ ठरवा. रोज संध्याकाळी सहा ते सव्वासहा, एकाच खुर्चीत. बाकीच्या वेळी काळजी आली की वहीत दोन शब्द टिपा आणि सहापर्यंत बाजूला ठेवा. झोपायच्या आधीची वेळ घेऊ नका.

छाती धडधडते, घाम फुटतो : श्वास सावकाश सोडा. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. किंवा दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक, अशा मनात मोजा. हे रोज सकाळी, शांत असताना करायचं. पोहणं आपण पुरात शिकत नाही.

सावधान : छातीत दुखणं पहिल्यांदाच होत असेल, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जात असेल, तर 'पॅनिक असेल' म्हणून श्वास मोजत बसू नका. आधी डॉक्टर.

झोप : उठायची वेळ पक्की करा, रात्र कशीही गेली तरी. साधारण वीस मिनिटं डोळा लागला नाही तर अंथरूण सोडा, मंद उजेडात बसा, झोप आली की परत या. आदली रात्र वाया गेली म्हणून लोक दुसऱ्या दिवशी लवकर आडवे होतात आणि आणखी दोन तास कुशी बदलत काढतात. बायपोलर आजार असेल तर झोपेची वेळ कमी करणारा कोणताही प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

सावधान : जुन्या आघाताच्या आठवणी एकट्यानं तपशिलात लिहून काढू नका. ते काम थेरपिस्टसोबत, त्यांनी ठरवलेल्या गतीनं व्हायला हवं. तसंच, सेशन पुढे ढकलून इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायचं मनात असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. ते वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांना त्याची शिफारस केली जात नाही, असं शिबिराच्या नियमांतच म्हटलेलं आहे.

## टप्पा ६ : ॲप, व्हिडिओ आणि चॅटबॉट

एकच ॲप ठेवा, बाकीची काढून टाका. ठेवायच्या आधी बघा : ते कोणी बनवलंय, तुमची माहिती कोणाला देतं, आणि खातं कायमचं पुसता येतं का. मराठीत ऐकायचं असेल तर 'आयपीएच'चं 'आवाहन' हे यूट्यूब चॅनल चांगलं आहे. पण एका दिवशी एकच व्हिडिओ, आणि बघून झाल्यावर वहीत एक ओळ : 'यातलं मी उद्या काय करणार?' ही ओळ सुचली नाही तर दुसरा व्हिडिओ लावू नका.

चॅटबॉटशी बोलून पुष्कळांना हलकं वाटतं, हे मी बघितलं आहे. विचारांची नोंद नीट मांडायला तो मदत करू शकतो. मात्र तो तुमच्या म्हणण्याला मान डोलावत राहण्याची शक्यता असते, आणि थेरपिस्ट जिथे थांबवून 'खरंच?' असं विचारेल तिथे तो पुढे जाऊ शकतो. निदान, गोळ्यांचा डोस आणि आत्महत्येचे विचार या तीन गोष्टी चॅटबॉटकडे न्यायच्या नाहीत. त्या माणसाकडेच न्यायच्या.

## टप्पा ७ : गोळ्या

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवू शकतो : मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा. म्हणून लोक आठव्या दिवशी 'लागू पडत नाही' म्हणून सोडतात, किंवा बरं वाटायला लागलं की सोडतात. दोन्ही वेळा आधी डॉक्टरांना फोन. अचानक थांबवल्यानं चक्कर, चिडचिड, झोप उडणं असे त्रास होऊ शकतात. डोस सहसा हळूहळूच उतरवतात. अस्वस्थपणा फार वाढला किंवा मरणाचे विचार नव्यानं सुरू झाले तर त्याच दिवशी कळवा. दुसऱ्याच्या झोपेच्या गोळ्या घेऊ नका.

## टप्पा ८ : मोजा, पण रोज नको

पीएचक्यू-९ ही नैराश्य किती आहे ते बघणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण जास्तीत जास्त २७. ती गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारते, त्यामुळे रोज भरण्यात अर्थ नाही. सेशनच्या आदल्या रात्री एकदा भरा. १० किंवा जास्त आकडा असेल तर तो थेरपिस्टना आवर्जून दाखवा. त्यावरून स्वतःच निदान मात्र करू नका.

सावधान : नववा प्रश्न मरणाच्या आणि इजेच्या विचारांविषयी आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं, तर एकूण बेरीज कितीही लहान असो, पुढच्या सेशनपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी सांगा.

## टप्पा ९ : वही घेऊन परत

सेशनच्या आदल्या रात्री वही चाळा आणि एका पानावर तीनच ओळी लिहा. काय जमलं. काय जमलं नाही. कुठल्या दिवशी सगळ्यात वाईट वाटलं आणि त्याच्या आधी काय घडलं होतं. न जमलेलं लपवू नका. नोंद सातव्या दिवशी थांबली असेल तर सातव्या दिवशी काय झालं, यावरच पुष्कळदा सगळ्यात उपयोगी बोलणं होतं.

खोलीत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत त्या तीन ओळी वाचून दाखवा. आठवड्याच्या गप्पांत वेळ गेला की सगळ्यात जड गोष्ट दाराच्या कडीला हात लावताना तोंडातून निघते आणि तेव्हा वेळ संपलेली असते. मग संकटाचा कागद समोर ठेवा आणि विचारा : यात काय बदलायचं? माझ्या कागदावरची तिसरी पायरी आतापर्यंत चार वेळा बदलली आहे. आधी तिथे देऊळ होतं, आता आमच्या गल्लीतलं गिरणीचं दुकान आहे. तिथले काका दळण होईपर्यंत बसायला स्टूल देतात आणि काही विचारत नाहीत.